विजू स्टेबल आहे!

चि. विजयसिंह,

सिरसाळ्याहून शिवकन्या आत्याचे आशीर्वाद. आमी समदे खुशाल. तुझी तब्येत विचारायचं मात्र मी या जन्मापुरतं सोडलं. कावून, ते पुढं वाच. (फोनवर शिव्या दिल्या असत्या. कागदावर जिभेला जरा लगाम राहतो.)

परवा घरच्या ग्रुपवर काय लिवलंस? 'सहा महिने टेस्टिंग चालू होती. अखेर स्टेबल. आज रिलीज. मदत करणाऱ्या सगळ्यांचे आभार.' खाली जोडलेले हात. अरे शहाण्या, आपल्याकडं स्टेबल कोण असतं? दवाखान्यात नळ्या लावून ठेवलेला माणूस! त्याच्या टेस्ट करतात, मग तो स्टेबल होतो, मग त्याला सुट्टी देतात. तुझ्या आईनं देव पाण्यात घातले. भामाकाकूनं वैजनाथाला अभिषेक बोलला. तुझा बाप फोन लावून लावून थकला आणि साहेब कामाचा शीण काढत घोरत पडले होते! संध्याकाळी उठून कळवलंस, की स्टेबल झालं ते तुमचं सॉफ्टवेअर.

तोवर बातमी तलवाड्याला पोचली. रविवारी तुला बघितलेल्या संस्कृतीच्या घरचे सुपारी फोडायला येणार होते, त्यांचा निरोप आला: पोरगं सहा महिने आजारी होतं तर लपवलं कशाला? मी स्वतः गेले. म्हणलं, पोरगं ठणठणीत हाय, एका बैठकीत सहा भाकरी खातं. दुसऱ्यांचे प्रोग्राम नीट चालतात का, हे तपासायचं अवजार त्यानं चारचौघांसंगं बनवलंय. मुलीच्या बापानं विचारलं, विकतो केवढ्याला? खोटं कशाला बोलू? फुकट, म्हणलं. ओपन सोर्स हाय. कुणीबी न्यावं, उघडून बघावं, बदलावं. (बांधावरची बोरं बरी, खाता तरी येतात.) त्यावर तो माणूस असा हसला, की तू आजारी असतास तर बरं झालं असतं असं वाटलं मला. 'पक्कं झालं' असं मराठीत लिवलं असतंस तर हात झडले असते व्हय रे?

तुझी,
शिवकन्या आत्या

ता.क. संस्कृतीचा फोन आलता. नोकरी करते एवढंच आपल्याला ठाऊक. ती प्रोग्राम तपासायच्याच कामात हाय आणि तुमचंच अवजार वापरते! म्हणाली, आत्या, आजाराचं आणि फुकटाचं माझ्या मनात न्हाई. पण नवी आवृत्ती घेतली आन् माझ्या चालत्या टेस्ट बंद पडल्या. धड न तपासता स्टेबल म्हणणाऱ्याला मी हो कशी म्हणू? मला तोंड दाखवायला जागा ऱ्हायली न्हाई. पोरगी लई आवडली मला.

ता.क. दुसरा. चूक कुठं हाय ते तिनं तुमच्या त्या सगळ्यांना दिसणाऱ्या पानावर लिवलंय म्हणे. खाली कुण्या दीडशहाण्यानं उत्तर दिलंय, 'माझ्याकडे तर चालतंय.' तो तूच असणार, मी तुला पाळण्यापासून ओळखते. आजच तिची माफी माग आणि ते दुरुस्त कर. तुझ्याकडं चालून काय करायचंय? नांदायचं तिला हाय.