तुझ्या पेशी, माझं अंग

बुधवार, ता. १२

चि. गुंड्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

अक्षर बघून दचकू नकोस. मी सांगतेय आणि सिस्टर लिहून घेतायत. हातांना मलम लावलंय, पेन धरवत नाही, एवढंच. सिस्टर म्हणतात, "भरभर सांगा, मला दुसरे पेशंट आहेत." मी आणि भरभर! तुला माहीतच आहे.

खोली बरी आहे. खिडकी मात्र उघडत नाही. येणारा प्रत्येक जण तोंड झाकून येतो, त्यामुळे मी माणसं भुवयांवरून ओळखते. डॉक्टरांच्या भुवया म्हणजे दोन झाडू. (हे लिहू नका म्हटलं तरी सिस्टरांनी लिहिलंच.)

तू फोनवर विचारलंस, "माझ्या पेशी काय म्हणतायत?" ऐक तर. एचआयव्हीचा विषाणू तपासणीत सापडला नाही. दोनदा बघितलं त्यांनी. सगळ्या गोळ्यांनी ज्याच्यापुढे हात टेकले, त्याला तुझ्या रक्तातून काढून मला चढवलेल्या लढाऊ पेशींनी पळवून लावलं. मी रडले रे, अगदी हुंदके देऊन.

तू कामावर सगळ्यांना सांगत सुटलायस, असं वहिनी म्हणाली. सांग, पण जरा दमानं घे.

म्हणजे झालं असं की तळहातांवर पुरळ उठलं. मग पाठीवर. मी म्हटलं, घामोळं असेल. मग कातडी सुटायला लागली, डोळे पिवळेजर्द झाले. काल डॉक्टर माझ्या पलंगावर बसले. ते कधी बसत नाहीत. म्हणाले, "तुमच्या भावाच्या पेशी कामाला पक्क्या आहेत. पण आता त्या तुमच्या कातडीवर, यकृतावरही तुटून पडल्यात. त्यांच्या लेखी विषाणू परका, तशा तुम्हीही परक्याच."

मी म्हटलं, "भाऊ कुणाचा आहे, डॉक्टर!" आणि हसले. मग हसू येईना.

माझा आजार कळला तेव्हा तू दारात उभा राहून शेजाऱ्यांना म्हणालास, "ती आमची कोणी नाही." मी जिन्यातच होते. हे कधीच बोलायचं नव्हतं मला. पण यंदा तू आपणहून बाही वर करून सुईपुढे बसलास, तेव्हा तो राग मी खरंच सोडला. आता हे वाचून तुझ्या मनात काय येईल ते मला कळतंय. येऊ देऊ नकोस. रक्ताला मन नसतं, वेड्या. असं होऊ शकतं हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी मी हो म्हटलं, कारण दुसरं काही उरलंच नव्हतं.

आता इकडे आड, तिकडे विहीर. तुझ्या पेशी ठेवल्या तर माझं यकृत जाणार. मारल्या तर विषाणू पुन्हा डोकं वर काढणार. डॉक्टर म्हणाले, निर्णय तुमचा.

मी सांगितलं, मारा. सोसवत नाही रे आता. आणि विषाणूला उठून बसायला थोडा तरी वेळ लागेल, तेवढा मला जगायचंय. यकृतानं साथ दिली तर. उद्या सकाळी त्या पेशी मारायचं औषध सुरू करतील.

मला भीती वाटते. तू ये. पुन्हा रक्त मागितलं तर सरळ नाही म्हण. काही द्यायला येऊ नकोस, नुसता काचेपलीकडे बस, मला दिसशील असा.

सिस्टर या पत्राचा फोटो आत्ताच तुझ्या फोनवर पाठवतायत; जमलं तर आजच नीघ. तुझं जे माझ्यात जिवंत आहे, ते उद्यापासून मरायला लागेल.

आज तरी तुझ्याच रक्ताची,
ताई