वाकड्या ओळींचा मफलर

३ जून
समुपदेशक बाईंनी लिहायला लावलं म्हणून लिहिते आहे. हौस नाही. कॉलेज सुटल्यापासून चार ओळी सलग लिहिल्या नाहीत. व्यसनमुक्ती केंद्रात आज नातेवाइकांची बैठक होती. बाई म्हणाल्या, "तुम्ही एवढं बोललात, सगळं भावाबद्दल. आता घरी जाऊन स्वतःबद्दल लिहा." स्वतःबद्दल काय लिहायचं? दारू तो प्यायचा, मी नाही!

असो. धाकटा केंद्रातून घरी आला आहे. मागच्या वेळी जेमतेम महिना टिकला आणि पुन्हा बाटलीला चिकटला. या वेळी मी डोळ्यांत तेल घालून बसणार.

५ जून
केंद्रात त्याला विणायला शिकवलंय. तलफ आली की हात गुंतवायचे, थोड्या वेळात ओसरते म्हणे. पन्नाशीचा बाप्या स्वयंपाकघरात सुया घेऊन बसतो! शेजारीण खिडकीतून म्हणाली, "दादा, आमच्या ह्यांनाही शिकवा, निदान घरी तरी बसतील." तोही हसला. मफलर विणतोय. कडा अशा, की उंदरानं कुरतडल्यात.

६ जून
कामावरून आले. रोजच्यासारखा त्याच्या तोंडाचा वास घेतला. "घ्या साहेब, माल पास?" म्हणाला. मी कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस, म्हणून हा टोमणा. पास केला. हसले नाही.

९ जून
संध्याकाळी घरात शिरले तर तो घामाघूम. हातात सुया, ओळीमागून ओळ विणतोय. "ताई, जरा बस ना जवळ." बसले. पण ते विणकाम बघवेना. म्हटलं, "खालच्या ओळीत टाका सुटलाय." त्यानं मान डोलावली आणि विणत राहिला.

१० जून
रजा घेतली. तो केंद्राच्या बैठकीला गेला होता. मफलर वाकड्या भागापर्यंत उसवला आणि सारखा विणून ठेवला. कारखान्यात सदोष माल मी परत पाठवते. हा निदान स्वतः दुरुस्त केला. खूश होईल.

११ जून
नाही झाला. मफलर मांडीवर पसरून बोटांनी चाचपत राहिला.

"परवाच्या ओळी कुठायत?"

"वाकड्या होत्या. नीट केल्या."

"परवा गुत्त्याच्या पायरीवरून परत आलो होतो, ताई. घरी येऊन तेवढ्या विणल्या."

"मग मला सांगायचंस!"

"सांगितलं असतं तर आधी वास घेतला असतास."

सुया डब्यात टाकल्या त्यानं. रात्रभर हात रिकामे. मला भीती वाटते आहे.

१२ जून
सुयांना हात नाही. जेवणालाही नाही.

१३ जून
बाईंनी दोघांना बोलावलं. त्याला विचारलं, प्यावंसं कशाकशानं वाटतं? म्हणाला, पगाराचा दिवस. जुने सोबती. मग स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाला — "ताई कुलपात किल्ली फिरवते, तो आवाज."

बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्याला म्हणाल्या, "हे ओळखलंत, फार मोठं काम झालं."

मोठं काम! आई गेली तेव्हा हा माझ्या कडेवर होता. याच्यापायी आलेली स्थळं परत पाठवली. आणि हा खाल्ल्या घरचे वासे मोजतो!

१४ जून
संध्याकाळी किल्ली हातात घेऊन दाराबाहेर उभी राहिले. कुलपात घालवेना. शेवटी घंटी वाजवली — स्वतःच्या घराची! त्यानं दार उघडलं. चेहरा नापास होऊन घरी आलेल्या पोरासारखा. इतकी वर्षं मी येताना हा असाच दिसत असणार. मी चेहरा पाहिलाच नाही कधी.

जेवताना म्हणाला, "केंद्राचं वसतिगृह आहे. दारू सुटलेली माणसं तिथे एकत्र राहतात. राहतोस का, म्हणून विचारलंय."

मी ताटाकडे बघत म्हटलं, "तुला हवंय?"

"हो."

त्याच्या ताटात भात वाढला.

१६ जून
वसतिगृहात सोपवलं: कपड्यांची पिशवी, रक्तदाबाच्या गोळ्या, दाढीचं सामान, धाकटा.

व्यवस्थापकांनी विचारलं, "पुन्हा प्यायले का?"

"नाही," म्हटलं. "पिऊ नये म्हणून माझ्यापासून लांब आणलाय."