दुसरी आवृत्ती आणि तिचं एकुलतं गिऱ्हाईक

९ मार्च, सोमवार

ती. दादास,

नमस्कार. साष्टांग घातला असता, पण गुडघा ऐकत नाही. आई मजेत आहे. कानाचं नवं यंत्र आल्यापासून तिला नको ते सगळं ऐकू येतं. वहिनीला सांग, तिने पाठवलेल्या रोपाला चक्क फूल आलंय. माझ्या हातून!

चार वर्षांनी पत्र, तेही कागदावर, म्हणून घाबरू नकोस. मेल लिहायला बसले की मी ती तीनदा खोडते. इथे खोडलं तर तुला दिसेल, म्हणून खोडणार नाही.

ऑफिसात गेला आठवडाभर धमाल चालू आहे. दातांच्या डॉक्टरांचं आपलं अपॉइंटमेंटचं अॅप आठवतं ना? लोकांनी लिहून सगळ्यांसाठी खुली ठेवलेली शंभरेक पॅकेजं जोडून उभं केलेलं, त्यात तारखांचं पॅकेज तुझं. आता रुग्णांना आठवण करून देणारं एक नवं पॅकेज घेतलं, तर ते हटून बसलं: तारखांची चौथी आवृत्ती असेल तरच चालेन. आणि आम्ही अजून दुसरीवर! दोघी एकत्र नांदायला तयार नाहीत. शेवटी आपल्याला दुसरीवरच रोखून धरणारं ते जुनं कुलूप उघडायची पाळी माझ्यावरच आली.

आमच्या टेस्टिंगच्या बाई, त्याच, ज्या बिस्किटाचाही पुडा तारीख बघून फोडतात, मला म्हणाल्या, "अगं, दुसरी आवृत्ती केव्हाच बंद पडायला हवी होती. मग तिच्यात गेल्या महिन्यात दुरुस्ती कोण करून गेलं?"

मी बघितलं. चार वर्षांत अकरा दुरुस्त्या, सगळ्या तुझ्या. शेवटच्या दुरुस्तीखाली तू लिहिलंयस, "ही आवृत्ती वापरणारं एकच ठिकाण उरलंय. ते हलेपर्यंत चालू ठेवतो."

बाईंनी विचारलं, कुठलं गं ते ठिकाण? मी म्हटलं, असेल कुणीतरी हट्टी.

आता मुद्द्याचं. चार वर्षांपूर्वीच्या त्या मंगळवारी सोमवारचे आणि मंगळवारचे रुग्ण एकदमच आले, गाल धरून जिन्यापर्यंत उभे राहिले, आणि मी सगळ्यांसमोर तुला म्हणाले, "तुझ्यावर विसंबून काही करता येत नाही." तू तिसऱ्या आवृत्तीत आठवडा रविवारऐवजी सोमवारपासून मोजायला लागलास, म्हणून सोमवारच्यांना मंगळवार कळवला गेला आणि तो गोंधळ झाला, असं मी चार वर्षं सगळ्यांना सांगत आले. आईलासुद्धा.

कुलूप उघडण्याआधी शुक्रवारी मी जुन्या नोंदी चाळल्या. तुझ्या पॅकेजपुढे आवृत्तीचा आकडा असायला हवा, तिथे चांदणी (*) होती. म्हणजे जे नवं येईल ते डोळे मिटून घ्या. ती चांदणी मी टाकली होती, दादा. घाईत, "नंतर बघू" म्हणून. आणि तिसऱ्या आवृत्तीच्या सूचनेत तू पहिल्याच ओळीत बदल सांगून ठेवला होतास. मी ती उघडलीसुद्धा नव्हती.

त्याच संध्याकाळी कुणीतरी चांदणी काढून तिथे "दुसरीच्या पुढे जायचं नाही" असं कुलूप घातलं. मला वाटायचं, बाईंनी घातलं असेल. नोंदीत तुझं नाव आहे. म्हणजे चूक कुणाची ते तुला त्याच दिवशी कळलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा देतानाही तू तोंडातून चकार शब्द काढला नाहीस. खूप राग आला मला तुझा. मग जेवणाच्या सुट्टीत जिन्यावर बसून रडले. बाईंनी बिस्कीट दिलं. तारीख बघून.

आज सकाळी मीटिंगमध्ये सगळ्यांना खरं सांगितलं. आईलाही सांगितलं. यंत्र असूनही तिने दोनदा बोलायला लावलं, मुद्दाम.

चौथी आवृत्ती गुरुवारी चढवतेय. या वेळी सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्यात. त्यानंतर दुसरी बंद करायला तू मोकळा. खरं सांगू, त्याचीच भीती वाटतेय. माझ्या नकळत तेवढं एकच काय ते आपल्यात चालू होतं. म्हणून रविवारी आईला घेऊन येतेय. दार उघडलं नाहीस तर जिन्यावर बसेन, सवय झालीय. माफी तिथेच मागेन, वहिनीसमोर, मोठ्याने.

चार वर्षं तुझ्यावरच विसंबून असलेली,
तुझी हट्टी धाकटी