एक कुत्री, दोन दवाखाने

मी, खाली सही करणारा, धंद्याने वजनकाटे दुरुस्त करणारा, सध्या निवृत्त, राहणार वडिलोपार्जित दुमजली घराचा तळमजला, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, राजीखुशीने आणि स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे असं हृदयाच्या डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. ते हृदयाचे डॉक्टर असल्यामुळे बुद्धीतलं त्यांना कितपत कळतं याची मला शंका आहे, कारण काही दिवसांपासून माझा पार गोंधळ उडालेला आहे. वकीलबाईंना मी तसं सांगितलंही. त्या म्हणाल्या, "काका, गोंधळ चालतो. वेड नको." तेव्हा वेड नाही असं जाहीर करतो. बाकी मजकुरावरून वाचणाऱ्याने आपलं मत बनवावं.

उद्या सकाळी माझ्या छातीचं ऑपरेशन आहे. "काही होत नाही हो," असं सगळे सांगतात, पण सांगताना माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघतात. म्हणून हा खटाटोप.

यापूर्वी मी रागाच्या भरात एक मृत्युपत्र लिहिलं होतं. त्यात माझं सर्व काही "माझ्या बहिणीखेरीज कोणालाही" मिळावं असं होतं. "कोणालाही" हे कायद्यात माणसाचं वर्णन होत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. ते मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करतो.

कलम पहिलं. घर. वरचा मजला वडिलांनी माझ्या थोरल्या बहिणीला दिला, खालचा मला. जिना दोघांत. माझा तळमजला, त्यातल्या सामानासह, माझ्या पश्चात या बहिणीला मिळावा. हिला मी ताई म्हणत असे. "म्हणत असे" लिहितो, कारण आमचं बोलणं बंद आहे. ताईची सगळी नोकरी टेलिफोनच्या कचेरीत, लोकांची बोलणी जोडून देण्यात गेली आणि सख्ख्या भावाशी मात्र ती बरीच वर्षं बोललेली नाही. मीही बोललेलो नाही, पण माझी नोकरी टेलिफोनात नव्हती.

सामानातला कोपऱ्यातला सोफा फाटका आहे. तो का फाटला ते पुढे येईल.

कलम दुसरं. हत्यारं. पितळी वजनांची पेटी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला द्यावी. हा माझा मित्र नव्हे. त्याचा काटा मी कितीदा नीट लावून दिला, आणि आठवडा उलटला की तो काटा पुन्हा दुकानदाराच्या बाजूला झुकलेला. एक किलो म्हणजे नेमकं किती, हे त्याने एकदा तरी हातात धरून बघावं एवढीच माझी इच्छा आहे.

कलम तिसरं. बँकेत जे काही असेल ते. ताईलाच.

आता कुत्रीचं कलम. हे चौथं. यासाठीच बसलो आहे, आणि गाडी इथेच अडते.

वकीलबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "कुत्रीचं नाव?" मी म्हणालो, सरकार. त्या लिहू लागल्या, तसा मी म्हणालो, थांबा, चिंगी पण. मी तिला सरकार म्हणतो, ताई चिंगी म्हणते, आणि ती दोन्ही नावांना शेपूट हलवते. दुसरा प्रश्न, "मालक कोण?" पावसात भिजलेलं हे पिल्लू आमच्या जिन्यात येऊन बसलं. मी दूध ठेवलं, वरूनही वाटी आली. तेव्हापासून ती सकाळी माझ्याकडे, दुपारी वर आणि झोपते मधल्या पायरीवर. जी निम्मी माझी आणि निम्मी ताईची आहे, ती मी ताईला देणार कशी? वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं आणि चहा मागितला.

खरं म्हणजे आमचं बोलणं बंद पडलं तेही कुत्र्यापायीच. आधीचा आमचा कुत्रा पैलवान. तेव्हा आम्ही एकत्र जेवायचो. पैलवानाला दरवर्षी लस टोचावी लागायची. एका वर्षी मला वाटलं ताईने नेऊन आणलं, ताईला वाटलं मी नेलं. ज्या रोगाला लस असते त्याच रोगाने पैलवान गेला. स्वयंपाकघरातल्या फरशीवर, आमच्या दोघांच्या मध्ये. "तू नेणार होतास," ताई म्हणाली. "तू नेणार होतीस," मी म्हणालो. पुढचं काही आठवत नाही. कोण नेणार होतं ते मला आजही सांगता येणार नाही. मी शपथेवर लिहीत असल्यामुळे हेच खरं लिहितो की मला माहीत नाही.

म्हणून सरकारच्या बाबतीत मी कोणावर विसंबलो नाही. ताई सकाळी फिरायला गेली की मी कुत्रीला बाजारामागच्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे न्यायचो. लस वेळच्या वेळी, जंताचं औषध वेळच्या वेळी, गोचिडांची गोळी महिन्याच्या महिन्याला, नखं, कान, दात, सगळं. वजन मी घरी करतो. आधी तिला उचलून काट्यावर उभा राहतो, मग एकटा, आणि वजाबाकी. तो काटा मी स्वतः लावलेला आहे.

एकदा डॉक्टर म्हणाले, कुत्री जाड झाली, खाणं पाव हिश्श्यावर आणा. मी तसं केलं. ती झरझर वाळली, आणि भुकेने माझा सोफा फोडून आतला फोम खाल्ला. घाबरून मी खाणं पूर्ववत केलं, तर पुन्हा ढोल. असं वजन वर-खाली होताना बघून मी जन्मात पहिल्यांदा माझ्या काट्यावर संशय घेतला. तो उघडला, साफ केला, पुन्हा लावला. काटा बरोबर होता. मग मी माझ्या डोळ्यांवर संशय घेतला आणि चष्मा बदलला.

त्यात आणखी भर म्हणजे महिन्याच्या सुरुवातीला ती मलूल पडायची, अंग थरथरायचं, उलटी करायची. मला वाटलं थंडी. मी माझ्या जुन्या स्वेटरची बाही कापून तिला घातली. ती वर गेली आणि खाली आली ती दुसऱ्याच स्वेटरात, निळ्या, नव्या विणलेल्या. हा मी माझा अपमान समजलो आणि माझी बाही पुन्हा चढवली. आठवडाभर हे चाललं. कुत्रीने काय समजायचं?

गेल्या आठवड्यात लस द्यायची होती, तर म्हातारे डॉक्टर दवाखाना बंद करून मुलीकडे राहायला गेलेले. दारावर पुलापलीकडच्या दवाखान्याचा पत्ता होता. तिथे गेलो. दारातच सरकारने माझ्या हातातली दोरी ओढली, आपणहून आत शिरली, आपणहून वजनाच्या काट्यावर चढून बसली. आतून एक तरुण डॉक्टरीण आली. "अगं चिंगी! आज आजीला कुठे ठेवून आलीस?"

मी म्हणालो, "ही सरकार आहे."

"ही चिंगी आहे," डॉक्टरीण म्हणाली. "वरच्या मजल्यावरच्या आजी हिला दुपारी घेऊन येतात. खालचे झोपले की. खालचे अगदी निष्काळजी आहेत म्हणे."

खालचे म्हणजे मी. मी ते तिला सांगितलं नाही, पण तिने ओळखलं असावं, कारण तिने मला आधी खुर्ची दिली आणि मग हळूहळू सगळं विचारून घेतलं. दोन दवाखाने, दोन डॉक्टर, एकच कुत्री. प्रत्येक लस दोनदा, जंताचं औषध दोनदा, गोचिडांची गोळी दोनदा. जेवण दोन्ही मजल्यांवर पूर्ण, आणि दोन्ही डॉक्टरांनी पाव हिस्सा करा म्हटल्यावर दोन्ही मजल्यांवर पाव हिस्सा. "लस जास्त झाली ते एक वेळ निभावलं," ती म्हणाली. "पण गोळी दुप्पट जायला नको. ती थरथर थंडीची नाही काका, गोळीची आहे. तुम्ही दोघं एकमेकांशी जरा बोला, मग कोणीतरी एकाने हिला या वर्षीच्या लसीला घेऊन या."

जरा बोला. जसं काही ते वाण्याकडून मीठ आणण्याइतकं सोपं आहे!

घरी येऊन मी विचार करत बसलो तो अजून बसलेलोच आहे. ताई निष्काळजी आहे या एका गोष्टीवर मी इतकी वर्षं रागावून काढली, आणि ताई तर पूल ओलांडून दवाखान्यात जात होती. मग मी रागावलेलो आहे की नाही? जुना राग चालू ठेवायचा की काय? हे मला खरोखर कळत नाही. आणि गोळीचं काय? मी देत राहिलो तर कुत्री थरथरणार. म्हणून या महिन्याची गोळी मी दिली नाही. पण डॉक्टरीणबाईंनी ताईलाही सांगितलं असेल आणि तीही थांबली असेल तर? मग पुन्हा तेच. पैलवानाचंच.

हे सगळं ताईला कळावं म्हणून मी हे कलम लिहीत होतो: की माझ्या पश्चात सरकार ऊर्फ चिंगी हिची लस, गोळ्या, दात, नखं, वजन हे सारं ताईने एकटीने बघावं, आणि औषध एकदाच द्यावं. लिहून झाल्यावर लक्षात आलं की मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात. आणि गोळी आज द्यायची आहे.

म्हणून मी कागद घेऊन जिन्याच्या खालच्या पायरीवर आलो आणि मधल्या पायरीवर झोपलेल्या कुत्रीला हे मृत्युपत्र पहिल्यापासून मोठ्याने वाचून दाखवलं. वरचं दार उघडं होतं. यापुढचं त्यानंतर लिहिलेलं आहे.

टेलिफोनच्या वाक्यापाशी वरून आवाज आला, "चिंगे, तुझ्या खालच्याला विचार, मृत्युपत्र असं बोंबलून वाचतात का?"

मी म्हणालो, "सरकार, वर सांग, ऐकायचं नसेल तर दार लावून घ्या."

दार लागलं नाही. मी वाचत राहिलो. निष्काळजीच्या वाक्याला काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. गोळीचं वाक्य आलं तेव्हा वर पावलं वाजली. मग ताई दारात आली. हातात विणकाम होतं.

"मी दिली नाही गोळी," ती म्हणाली. कुत्रीला नव्हे, मला. "डॉक्टरीण म्हणाली तुझा भाऊ येऊन गेला. मला वाटलं, आता तू देतोयस."

"मला वाटलं तू देतेयस."

"आणि लस?"

"मला वाटलं तू..."

"अरे देवा," ताई म्हणाली आणि वरच्या पायरीवर खाली बसली. "छोट्या, आपण तेव्हाही हेच म्हणालो होतो."

मी सत्तरी ओलांडली आहे. मला छोट्या म्हणणारं या जगात दुसरं कोणी नाही. मला रडू आलं, हे मी लिहून ठेवतो, कारण वकीलबाई म्हणाल्या होत्या की महत्त्वाचं काही गाळू नका.

ताईने गोळी आणली. मी तोंड धरलं, तिने जिभेच्या मागे गोळी टाकली, गळा चोळला. एक गोळी, दोघांच्या देखत. मग तिने डॉक्टरीणबाईंना फोन केला, आणि त्या संध्याकाळी लस घेऊन घरीच आल्या. टोचताना कुत्री आळीपाळीने आमच्याकडे बघत होती. तिचा गोंधळ माझ्याहून मोठा असणार.

तेव्हा चौथं कलम असं: कुत्री ताईची. आधीही निम्मी होती, माझ्या पश्चात पूर्ण.

पाचवं आणि शेवटचं. साक्षीदार दोन लागतात. एक डॉक्टरीणबाई, आता इथेच आहेत. दुसरा कोपऱ्यावरचा दुकानदार, त्याला निरोप धाडला आहे. त्याला वजनांची पेटी मिळणार असल्याने तो चालणार नाही हे आत्ता लक्षात आलं. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याचं मिळणं रद्द होतं, असं वकीलबाईंनी बजावलं आहे. ताईलाही मी हे दोनदा सांगितलं आहे. दुसरा साक्षीदार मिळेपर्यंत जागा मोकळी ठेवतो.

स्थळ: जिन्याची खालची पायरी
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ

सही
(वजनकाटेवाले, तळमजला)

साक्षीदार पहिला: यांनी माझ्यासमोर सही केली. कुत्रीची प्रकृती उत्तम.
सही (जनावरांची डॉक्टरीण)

साक्षीदार दुसरा: यांनी माझ्यासमोर सही केली. साक्षीदाराला काही मिळत नाही, हे मला दोनदा सांगितलं आहे आणि मला नीट कळलं आहे, म्हणूनच सही करते. छोट्या, आता तू गेलास तरी मला ना घर मिळणार, ना कुत्री. तेव्हा जाण्यात काही अर्थ नाही. पुढच्या महिन्यात गोळी द्यायची आहे, तोंड धरायला ये.
सही (ताई, वरचा मजला)