बाबांचं उठणं

ॲन आर्बर, अमेरिका

प्रिय आई,
तुला आणि बाबांना नमस्कार.

इथे बर्फ आहे. मी स्वेटर घालते, वेळेवर जेवते.

गावोगाव हिंडून फोटो काढणारी तुझी लेक आता हारुकोकाकूंकडे जपानी शाईचित्रं शिकते आहे. त्यांच्याकडे फोटो बघून चित्र काढायचं नाही, नीट पाहिलेलं आठवून काढायचं.

काल मी खुर्चीतून उठणारे बाबा काढले. काकूंनी विचारलं, "हे कुठल्या हातावर भार देऊन उठतात?" इतके डोंगर टिपले, पण हे कधी बघितलंच नाही.

तू बघून लिही ना. गुडघ्याचं विचारलं की फोनवर ते नुसतं "मस्त" म्हणतात. फोटो मात्र पाठवू नकोस. कॅमेरा दिसला की ते ताठ उभे राहतात.

तुझी, शाईने माखलेली,
देवयानी