मोडलेल्या दोन बरगड्या

वारजे, पुणे
१९ जानेवारी २००४

चि. जयसिंग यास वेणूआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पडल्याची बातमी मला वर्तमानपत्रातून कळली. क्रीडापानावर, खालच्या कोपऱ्यात, तीन ओळी. गोव्यात फुटबॉलचा सामना चालू असताना पुण्याचा खेळाडू उपवासामुळे चक्कर येऊन कोसळला, प्रकृती उत्तम. शाळेची सात वर्षं तू माझ्या घरी काढलीस. एकादशीला खिचडीची ताटली संपवून वर पोळीभाजी मागणारा मुलगा तू. तुला उपवास कधीपासून आणि कोणत्या देवाने लावला, ते कळव.

फोन केला तर मी बरा आहे एवढं बोलून तू ठेवून देतोस. पत्र असं ठेवून देता येत नाही, म्हणून लिहिते आहे. एकतीस वर्षं मी हृदयरोगाच्या वॉर्डात सिस्टर होते. चक्कर कशी असते ते मला माहीत आहे. पडलास तेव्हा कोणाचा धक्का लागला होता का? किती वेळ शुद्ध नव्हती? दवाखान्यात छातीला शॉक दिला का? तिथले सगळे कागद झेरॉक्स काढून पाठव. ईसीजीची पट्टी मिळाली नाही असं सांगू नकोस, मिळेपर्यंत माग.

तुझ्या वडिलांनी पेपर वाचलेला नाही. हिंदुराव सध्या हडपसरच्या नव्या बंगल्याच्या फरशीत गुंतला आहे. पण जास्त दिवस मी गप्प बसणार नाही.

आशीर्वाद आहेतच, उत्तर मात्र लगेच हवं.
तुझी वेणूआत्या

म्हापसा
२४ जानेवारी २००४

ती. आत्यास शिरसाष्टांग नमस्कार.

खोटं बोलून उपयोग नाही हे दिसतंच आहे. उपवास नव्हता. सकाळी चार अंडी खाल्ली होती.

बेचाळिसावं मिनिट होतं. चेंडू माझ्यापासून दूर, दुसऱ्या बाजूला होता. माझ्या जवळपास कोणी नव्हतं. मला आठवतं ते एवढंच, की गवत एकदम जवळ आलं. पुढचं सगळं आमचा कप्तान साईनाथ याने सांगितलेलं. आधी सगळ्यांना वाटलं मी नाटक करतो आहे. रेफ्रीने उठायची खूण केली. मग आमच्या संघाचा मालिश करणारा शंभू पळत आला. हा यवतमाळकडचा, वय चाळिशीचं. आधी भोसरीला कारखान्यात होता, तिथे प्रथमोपचाराच्या वर्गात छाती कशी दाबायची ते शिकला होता. त्याने गळ्याला हात लावला आणि दाबायला सुरुवात केली. मॅनेजर ओरडत होता की थांब, पोराला मारशील. शंभूने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. ॲम्ब्युलन्स नव्हतीच. पाण्याच्या बाटल्यांच्या टेम्पोत घालून मला नेलं, आणि वाटभर तो गुडघ्यांवर बसून दाबत होता. दवाखान्यात शॉक दिला तेव्हा ठोका परत आला. माझ्या दोन बरगड्या मोडल्या आहेत. शिंकलो की डोळ्यांत पाणी येतं.

कागद सोबत आहेत. दवाखान्याने पुढची तपासणी करा असं लिहिलं आहे, पण क्लबचे डॉक्टर म्हणतात उन्हाचा परिणाम आहे, चार आठवड्यांत मैदानात येशील. मी येणारच आहे. गेल्या वर्षी कुठे मला संघात कायमची जागा मिळाली. ती मी अशी सोडणार नाही. दादांना कळवू नकोस, ते ट्रक घेऊन मला न्यायला येतील.

तुझ्या रागासकट तुझा लोभ हवा आहे.
तुझा जयसिंग

वारजे, पुणे
३० जानेवारी २००४

चि. जयसिंग यास अनेक आशीर्वाद.

तुझी पट्टी मी आमच्या वॉर्डाच्या जुन्या डॉक्टरांना दाखवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि हा मुलगा सध्या काय करतो असं विचारलं. मी म्हटलं, चार आठवड्यांत मैदानात उतरणार आहे म्हणतो. ते म्हणाले, त्याला बस पकडायलासुद्धा पळू देऊ नका.

जानेवारीतल्या उन्हाने हृदय थांबत नाही, हे तुझ्या क्लबच्या डॉक्टरांना माझ्या वतीने सांग. हृदयाचा स्नायू जन्मापासून जाड असेल तर माणूस वर्षानुवर्षं धडधाकट दिसतो, इतरांपेक्षा जास्त पळतो, आणि एक दिवस कोणाचा हात न लागता पडतो. गेल्या जूनमध्ये टीव्हीवर आफ्रिकेचा तो उंच खेळाडू तसाच पडलेला तू माझ्याच घरात बसून पाहिलास. तेव्हा तू ताट बाजूला सारलं होतंस.

हिंदुरावाला मी सांगितलं. त्याने फरशीवाल्याला घरी पाठवून दिलं. तो ट्रक नाही, गाडी घेऊन येतो आहे. शंभूला माझा नमस्कार सांग. वयाने मी मोठी असले तरी नमस्कारच सांग.

काळजी करणारी, आणि तुझं न ऐकणारी,
वेणूआत्या

म्हापसा
९ मार्च २००४

ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

परवा इथे पोचलो. खोली रिकामी करायची आणि क्लबचे कागद पुरे करायचे, एवढंच काम. पुण्यात छातीत बसवलेल्या यंत्राची जखम बरी आहे. गळ्याच्या हाडाखाली तो चौकोनी उंचवटा हाताला लागला की अजून दचकतो.

पुण्यात तुझ्यासमोर बोललो नाही ते लिहितो. डॉक्टर हृदयाची भिंत एकवीस मिलिमीटर जाड, एकवीस मिलिमीटर असं सांगत होते आणि मला वाटत होतं हा माणूस दुसऱ्या कोणाबद्दल बोलतो आहे. मी चोवीस वर्षांचा आहे. नव्वद मिनिटं पळून मला धाप लागत नाही. आता छातीत यंत्र आहे, ठोका चुकला तर ते आतून शॉक देईल, मग खेळायला काय हरकत? दक्षिणेतला एक क्लब मला घ्यायला तयार आहे. ते तपासणीचे कागद मागत नाहीत. मी हो म्हणायच्या बेतात आहे. घाबरून घरी बसलेला जयसिंग तुला तरी आवडेल का?

दुसरी गोष्ट वाईट आहे. क्लबने शंभूला कामावरून बाजूला केलं आहे. मॅनेजरने माझ्यापुढे एक कागद ठेवला. त्यात लिहिलं आहे की मी उपाशीपोटी खेळल्याने चक्कर आली, आणि अडाणी मालिशवाल्याने छाती दाबून माझ्या बरगड्या मोडल्या. म्हणजे ॲम्ब्युलन्स का नव्हती हे क्लबला कोणी विचारायला नको. मी सही केली की क्लबच्या मालकांच्या हडपसरच्या सॉफ्टवेअर कंपनीत मला कायमची नोकरी. घरापासून दहा मिनिटं. मी विचार करतो म्हणालो. आत्या, विचार करतो असं मी म्हणालो, याची मला त्या क्षणापासून लाज वाटते आहे. शंभू मात्र भेटला तेव्हा म्हणाला की सही करून टाक भाऊ, मला मालिशचं काम कुठंही मिळेल.

काय करू ते सांगू नकोस, फक्त लिही.
तुझा जयसिंग

वारजे, पुणे
१४ मार्च २००४

चि. जयसिंग यास अनेक आशीर्वाद.

काय कर ते सांगत नाही. माहिती देते.

यंत्र हे पडलेल्या माणसासाठी असतं, पाडून घेणाऱ्यासाठी नाही. खेळताना ते शॉक देईलही, पण प्रत्येक वेळी तू उठशीलच अशी हमी कोणी देत नाही. जो क्लब तुझे कागद मागत नाही, त्याला तू नको आहेस, तुझे पाय हवे आहेत. आणि घाबरून घरी बसलेला जयसिंग मला आवडेल का, असं विचारतोस. घरी बसलेला आवडेल. घाबरायचं की नाही ते तुझं तू बघ. वॉर्डात पंचविशीतली मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या आयांना आत बोलवायचं काम सिस्टरचं असतं. तुझी आई नाही, तेव्हा आत मलाच बोलावतील. मला ते जमणार नाही, हे पहिल्यांदाच कोणाला तरी लिहिते आहे.

आता बरगड्या. छाती नीट दाबली की बरगडी मोडते. माझ्या हातून किती मोडल्या ते मोजलं नाही. ज्यांच्या मोडल्या त्यांतले काही अजून मंडईत भाजी घेताना भेटतात आणि माझ्याकडे बोट दाखवून बायकोला सांगतात. तुझी एकही बरगडी मोडली नसती, तर शंभूने काम नीट केलं का अशी मला शंका आली असती. हे सगळं वेगळ्या कागदावर सहीनिशी लिहून सोबत जोडलं आहे, खाली डॉक्टरांचीही सही आहे. मॅनेजरला दे. त्यांना वाचता येत नसेल तर वाचून दाखव.

शंभूचं मन मोठं आहे. म्हणून तू आपलं लहान करायचं कारण नाही.

तुझ्यावर जीव आहे, हे एकदाच लिहिते.
वेणूआत्या

हडपसर
२१ मार्च २००४

चि. जयसिंगास आशीर्वाद.

तुझ्या आत्यासारखं मला लिवता येत नाय. गुरवारी तुझ्या क्लबाची दोन मानसं घरी आली व्हती. टाय घातलेली. मी च्या पाजला. त्यांनी सांगितलं की पोरगं सही करत नाय, तुमी समजवा, इथंच नोकरी हाय, एसीत बसायचं, तुमच्या डोळ्याम्होरं राहील.

खरं सांगतो, माझं मन हाललं. तू फुटबॉल सोडून घरी यावं म्हनून मी धा वरसं देवाला सांगतोय. आपल्या रानात आता त्या काचेच्या इमारती हायत, आन गावची पोरं तिथं गेटवर उभी असत्यात. माझा पोरगा आत खुर्चीत बसला असता.

मग मी त्यांना इचारलं की ज्यानं माझं पोरगं जित्तं ठेवलं त्याचं नाव काय. दोघांनी हातातला कागद चाळला. त्यांना नाव ठावं नव्हतं. आडानी मालिशवाला म्हनून कागदात लिवलं, पन नाव ठावं नाय. मी उठलो आन दार उघडलं. म्हनलं, त्याचं नाव शंभू हाय, जाताना पाठ करत जावा.

सही करू नकोस. केलीस तर ह्या घरात येऊ नकोस. न करता आलास तर खोली तयार हाय. शंभूलाबी घेऊन ये.

तुझा बाप
हिंदुराव

म्हापसा
५ एप्रिल २००४

ती. आत्यास व ती. दादांस शि. सा. नमस्कार.

दोघांना मिळून एकच पत्र. दादा, तुमचं पत्र मी साईनाथला वाचून दाखवलं. तो ऐकता ऐकता उठला आणि कपडे बदलायच्या खोलीत नेऊन त्याने मला ते सगळ्यांपुढे पुन्हा वाचायला लावलं. मराठी न येणाऱ्यांना हिंदीत सांगितलं. तुमची टायवाली माणसं आता आमच्या संघात प्रसिद्ध आहेत.

मी सही केली नाही. आत्याचा कागद मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. त्याने तो न वाचता बाजूला सारला, तेव्हा मी उभ्यानेच मोठ्याने वाचला. बाहेर कारकून थांबून ऐकत होते.

गेल्या रविवारी घरच्या मैदानावर सामना होता. मी तिकीट काढून प्रेक्षकांत बसलो होतो. आमचा संघ मैदानात आला, मधल्या रेषेपर्यंत चालत गेला आणि खाली बसला. साईनाथने रेफ्रीला सांगितलं की फाटकाशी ॲम्ब्युलन्स उभी राहिल्याशिवाय, शंभू बाकावर येऊन बसल्याशिवाय, आणि सगळ्यांच्या हृदयाची तपासणी लेखी कबूल केल्याशिवाय कोणी उठणार नाही. लोक आधी ओरडले, बाटल्या फेकल्या. मग समोरच्या संघाचा गोलकीपर आपली जागा सोडून आला आणि आमच्या लोकांशेजारी बसला. त्याच्यामागून त्यांचे सगळेच आले. बावीसच्या बावीस खेळाडू गवतावर. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी मला विचारलं की हे कशासाठी चाललं आहे. मी गळ्याखालचा उंचवटा त्यांना दाखवला. पाऊण तासाने ॲम्ब्युलन्स आली. मालकांनी तिथेच कागदावर लिहून दिलं. शंभू घरच्या कपड्यांत, चपला घालून आला आणि बाकाच्या अगदी टोकाला बसला. तेव्हा टाळ्या पडल्या.

तपासण्या झाल्या. सतरा जणांची हृदयं ठणठणीत निघाली. मॅनेजर मला मुद्दाम बोलावून म्हणाला की बघ, एवढा तमाशा फुकट गेला. मी म्हटलं, साहेब, सतरा माणसं पुढच्या रविवारी भीती न बाळगता पळतील, याहून चांगली बातमी मला या वर्षात मिळालेली नाही. खरंच सांगतो आत्या, मनातून मला वाटत होतं की निदान एक तरी माझ्यासारखा निघावा, म्हणजे मी एकटा राहणार नाही. रिपोर्ट आले आणि तसं वाटलं याची शरम वाटली. मग खूप हलकं वाटलं.

क्लब माझा करार पुढे नेणार नाही. शंभूला हंगाम संपेपर्यंतच ठेवणार आहेत, साईनाथचंही बहुधा तसंच होईल. दक्षिणेतल्या क्लबला मी नकार कळवला. भीतीने नाही. पडलो तेव्हा मला उठवायला शंभू होता. पुन्हा पडून दुसऱ्या कोणाला तसं गुडघ्यांवर बसवायचं नाही, एवढंच. मे महिन्यात शंभू पुण्याला येईल. खडकीपासून हडपसरपर्यंत जिथे जिथे पोरं चेंडू खेळतात, तिथे जाऊन छाती कशी दाबायची ते शिकवायचं असं आम्ही ठरवलं आहे. आत्या, तुला यावं लागेल. निवृत्त झाले आहे हे कारण चालणार नाही.

आज सकाळी सामान बांधून झाल्यावर मैदानावर गेलो. सराव चालू होता. बूट घातले. मॅनेजर म्हणाला की तुला आत यायची परवानगी नाही. मी म्हटलं, मला पळायची परवानगी नाही, चालायची आहे. मग एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत अख्खं मैदान सरळ मधून चालत गेलो, अगदी सावकाश. सराव थांबला. शिट्टी वाजत होती, कोणी जागचं हललं नाही. पोचलो तेव्हा जाळीला हात लावला आणि त्याच चालीने परत आलो.

उद्याच्या गाडीने निघतो. आम्हा दोघांसाठी स्वयंपाक ठेवा, साईनाथ मला पोचवायला येतो आहे.

तुम्हा दोघांचा
जयसिंग