ताईचा झोपेतला फोटो

प्रिय ताईस,

“शिकायला जातेस, तर पुरं करूनच घरी ये,” असं बाबा कधीकाळी म्हणाले होते. तेव्हा तो आशीर्वाद वाटला होता. हल्ली वाटतं, बाहेरून कडी लागली आहे.

पण मी बरी आहे. खोलीत ऊन येतं, जेवण वेळेवर होतं. बाबांचा गुडघा कसा आहे? तू दुपारची जरा आडवी होतेस ना?

फोटोग्राफीचे सर जीव लावून शिकवतात. माझे फोटो ते टेबलावर उलटे, डोकी खाली करून मांडतात, म्हणजे चेहऱ्यांकडे लक्ष न जाता उजेड तेवढा दिसतो. परवा म्हणाले, “अगं बाई, हे तर माझेच फोटो झाले! मी अजून जिवंत आहे, दुसरा कशाला?” मी हसले. पण त्यांचं ऐकूनच तसे झालेत, आणि ऐकलं नाही तर ते सही करत नाहीत. त्यांच्या सहीशिवाय परीक्षक माझं काम बघणारही नाहीत.

एकच फोटो त्यांनी सुलटा करून हातात घेतला. मी इथे येण्याआधीचा, आपल्या स्वयंपाकघरातला. तू भिंतीला टेकून झोपली आहेस, तोंड उघडं, मांडीवर अर्धी निवडलेली भाजी.

“हा तुझा. हा असेल तरच सही करीन.”

“कुणाला दाखवायचा नाही, असं ताईला कबूल केलंय,” मी म्हटलं.

“मग तिलाच विचार.”

“माझी शोभा करायला निघालीस का?” असंच तू म्हणशील, ठाऊक आहे. तरी विचारते. तो फोटो परीक्षेला लावू देशील?

तुझीच,
धाकटी